बिनमखराचा पोळा

पुरणाची शेवटची पोळी तव्यावर होती, तेव्हा शेवंतानं मागून माझा पदर धरला. मी वळून पाहिलं, तर तिच्या पायाखालची सारवलेली जमीन ओली झालेली.

मी तवा उतरवला. तिला म्हटलं, "चाल आत. घाबराचं काही काम नाही. माहीही बाळंतपणं याच खोलीत झाली."

म्हटलं खरं. पण दिवस भरायला अजून अवकाश होता आणि पोरगी मुळातच वाळकी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण हिला माय नव्हती. बाप न्यायला आला तेव्हा मीच त्याला दारातून परत पाठवला होता. म्हटलं, तुमच्या घरी तिला पाणी तापवून देणारं कोण आहे? माझी सून आहे, माझ्या घरी बाळंत होईल. बिचारा मान हलवून निघून गेला. आता जे काही बरंवाईट होईल ते माझ्या पदरात.

आणि दिवस निघाला तो पोळ्याचा. घरात पुरुष माणूस नाही. गावातला एकूण एक बाप्या आपापली जोडी सजवून आखरावर गेलेला. आमच्याकडे पोळा आखरावर भरतो. गावाच्या शिवेशी मोकळी जागा आहे तिथं. आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सगळ्या जोड्या त्याच्याखाली ओळीनं उभ्या करतात. मानाच्या बैलाच्या शिंगांवर मखर बांधतात. लाकडाचं असतं, त्यावर वाती पेटवतात. तो मखराचा बैल आधी तोरणाखालून जातो, मग पोळा फुटतो आणि बाकीच्या जोड्या घरोघर पूजेला निघतात. मखर निघेपर्यंत कोणी आपली जोडी ओळीतून काढत नाही. काढली तर ती वर्षाची अवदसा. आणि त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणं म्हणजे तर बोलायलाच नको. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे, त्याच्या कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. एवढं बोलावणं करून दुसऱ्या दिवशी त्यालाच गाडीला जुंपायचं कसं?

शेजारच्या बाईला पाठवून मी तान्ही सुईणीला बोलावलं. तिच्या हातावर गावातली निम्मी लेकरं जन्मली होती. ती आली, तिनं हात धुतले, शेवंताच्या पोटावरून हात फिरवला, मग पाहायचं ते पाहिलं. बाहेर ओसरीवर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाली, "गिरजाबाई, पाय खाली हाय. एकच पाय. हे माह्या हातचं नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, अन् लवकर न्या."

तान्ही बोलण्यात कधी उगाच घाबरवत नसे. तिनं असं म्हटलं म्हणजे संपलं.

आता फोन केला की दवाखान्याची गाडी दारात येते. तेव्हा आमच्या गावाला दारापर्यंत येणारा रस्ताच नव्हता. डांबरी सडक लागायची ती फाट्यावर, आणि फाट्यापर्यंत पांदण. श्रावणभर पाऊस पिऊन काळी माती अशी झालेली की पाय टाकला तर वहाण आतच राहायची. मध्ये नाला. खाटेवर घालून नेता आलं असतं म्हणाल, तर त्याआधीच्या वर्षी रामजीच्या सुनेला तसंच नेलं होतं. खांदे देणारे गाळात मांडीपर्यंत रुतले. ती नाल्यातच बाळंत झाली आणि नाल्यातच गेली. तिला परत आणली ती त्याच खाटेवर.

मी आत जाऊन शेवंताला सांगितलं की गाडी पाहून येते. तिनं विचारलं, "आत्याबाई, मी मरीन का?"

मी म्हटलं, "मराले तुले कोणी मोकळी सोडली? निजून राहा."

पायात वहाणा न घालताच मी निघाले. आमच्यात बायका आखरावर जात नाहीत. बायकांनी दारात उभं राहायचं, बैल आले की पाय धुवायचे, ओवाळायचं. पण त्या दिवशी माझ्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि चालताना माझ्या डोक्यात जो विचार होता तो बैलाचा नव्हताच. तो नारायणच्या ट्रॅक्टरचा होता.

नारायण माझा चुलत दीर. पूर्वी मखराचा मान आमच्या दोन घरांत पाळीपाळीनं चालायचा. एक साल आमच्या जोडीला, एक साल त्यांच्या. मग नारायणनं ट्रॅक्टर आणला. गावातला पहिला. नांगरटी, पेरणी सगळं त्याच्यावर. बैलाची एक जोडी तेवढी ठेवली, ती फक्त पोळ्यापुरती. मालक गेल्यापासून आमच्या घरचा कारभार मीच पाहत होते. मी पंचांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ज्याच्या बैलानं सालभर खांदा झिजवला नाही त्यानं पोळ्याला मखर कशाचं बांधायचं? नारायण म्हणाला की ट्रॅक्टर हाच त्याचा बैल आहे. तेव्हा मी भर पंचायतीत म्हटलं, "त्या लोखंडाले आंधी एक पुरणपोळी चारून दाखव. खाल्ली त मान तुहा."

सगळे हसले. पंचही हसले. मान तेव्हापासून आमच्याकडेच राहिला आणि नारायण आमच्या दारात यायचा बंद झाला. मीही त्याच्या अंगणात पाय ठेवला नाही. त्या ट्रॅक्टरची सावलीही माझ्या शेतात पडू देणार नाही, असं मी ज्याला त्याला सांगत फिरत होते.

आता त्याच ट्रॅक्टरकडे मी चालले होते.

आखरावर झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, चालल्या होत्या. मला पाहिलं आणि एकेकाचा आवाज बंद पडत गेला. माझा लेक दौलत ओळीत सगळ्यात पुढे, आमच्या म्हाताऱ्या बैलाचा कासरा धरून उभा. बैलाच्या डोक्यावर मखर चढलेलं, वाती अजून पेटवायच्या होत्या. मी त्याला सांगितलं. त्याच्या हातातला कासरा तसाच लोंबत राहिला.

"आई, गाडी जुपू का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, जुंप. ओळीतले लोक चुळबुळायला लागले. भिकाजी बुढा पंचांतला सगळ्यात जुना. तो पुढे आला. त्यानं आम्हाला मना नाही केलं, हे मी सांगून ठेवते. तो एवढंच म्हणाला की बाईच्या जिवापुढं पोळा काही नाही, पण नाल्याला काल रात्रीचं पाणी आहे. भरल्या पोटाचे बैल आहेत, सकाळपासून खाऊन तट्ट झालेत. चिखलात एक जरी बसला तर सूनही अडकेल आणि बैलही जाईल. मग खाली पाहत तो म्हणाला, "नाल्यातून आज एकच जिनस पार होईन, गिरजा. तुले माहीत हाय कोणता."

मला माहीत होतं. सगळ्या आखराला माहीत होतं. आता लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी काय करते याची वाट बघत होते. त्यांत काहींना आत आत बरं वाटत असणार. मी तरी त्यांच्या जागी असते तर मला वाटलं असतं.

मागणं मला ठाऊक नाही. बापाच्या घरी मागितलं नाही, नवऱ्याच्या घरी मागितलं नाही. पण शेवंताचं विचारणं कानात होतं. मी मनातल्या मनात शब्द जुळवले, नारायणभाऊजी, तुमच्या ट्रॅक्टरची गरज आहे, आणि वळले.

नारायणची जोडी ओळीत होती. तिचा कासरा दुसऱ्याच कोणीतरी धरलेला. नारायण नव्हता.

मी विचारलं, कुठं गेला? कासरा धरणारा म्हणाला, मघाशीच गेला, तुम्ही येत होत्या तेव्हा. माझ्या डोक्यात जाळ झाला. म्हणजे मला येताना बघून सटकला. मी मागितल्यावर नाही म्हणण्यापेक्षा तोंडच चुकवलं. मी तिथंच उभी राहून म्हणाले, आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पळाला ना? बाई माणूस तोंड उघडन म्हणून पळाला. असा मर्द माह्या सासऱ्याच्या घराण्यात पैदा झाला, अन् त्याले मखर पायजे."

कोणी हसलं नाही. भिकाजी बुढा माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता की मी त्याच्यावरही उसळणार होते. तेवढ्यात गावाच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला.

ट्रॅक्टर आमच्या दारावरून होऊनच आला होता. मागच्या ट्रॉलीत कडबा पसरलेला, त्यावर गादी, गादीवर शेवंता, आणि तिच्या उशाशी तान्ही. नारायणनं ट्रॅक्टर न थांबवता नुसता हळू केला आणि म्हणाला, "वैनी, बसा. दौलत, तूही बस."

मी बसले. त्याच्याशी बोलले नाही. बोलायला तोंड कुठं होतं? शेवंताचं डोकं मांडीवर घेतलं. पुढे ट्रॅक्टरवर झेंडूच्या माळा होत्या, चाकांना गेरू लावलेला, इंजिनाच्या टोपणावर जुनी झूल घातलेली. मला वाटलं, हौस पाहा याची. पांदणीला लागलो तशा माळा तुटून चिखलात पडायला लागल्या. झूल घसरून चाकाखाली गेली. नारायणनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

नाल्याशी त्यानं ट्रॅक्टर उभा केला. उतरला, धोतर खोचलं आणि हातात काठी घेऊन पाण्यात शिरला. कमरेपर्यंत पाणी होतं. पैलतीरापर्यंत चाचपत गेला, परत आला, पुन्हा थोडा वरच्या अंगानं गेला. मला वाटत होतं, आता हा म्हणेल, नाही जमत. शेवंताची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. ती ओरडत नव्हती, हेच मला भिववत होतं. ओरडणाऱ्या बाईत जोर असतो.

नारायण वर आला आणि दौलतला म्हणाला, ट्रॉलीच्या कडेला धरून बस, आईला आणि शेवंताला धर. मग त्यानं ट्रॅक्टर पाण्यात घातला. पाणी ट्रॉलीच्या तळातून वर आलं, कडबा भिजला, गादी भिजली. मधोमध एक चाक रुतलं तेव्हा तान्हीनं देवाचं नाव घेतलं. मी नाही घेतलं. मी नारायणच्या पाठीकडे पाहत होते. ती पाठ ताठच्या ताठ होती. चाक गाळातून सुटलं, आम्ही वर चढलो.

फाट्यावर जीप नव्हती. पोळ्याच्या दिवशी कोण जीप काढणार? नारायण थांबलाही नाही, त्यानं ट्रॅक्टर तसाच सडकेनं तालुक्याच्या दवाखान्याकडे धरला.

शेवंताला आत नेलं आणि दार लागलं. तान्ही आतच राहिली, नर्स बाईनं तिला राहू दिलं. व्हरांड्यात मी आणि दौलत. नारायण बाहेर ट्रॅक्टरपाशी होता, चाकात अडकलेला झुलीचा तुकडा ओढून काढत.

मी दौलतला म्हटलं, "तुह्या काकाची हौस पाह्यली का? लोखंडाले झूल."

दौलतनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, तुले खरंच माहीत नाही?"

मला काय माहीत नाही, ते त्यानं सांगितलं. नारायण पंचांकडे परत गेला होता. माझ्या पाठीमागे. म्हणाला होता, ट्रॅक्टर बैल नाही हे कशावरून? बैलाचं जे करतो ते त्याचं करीन. खांदशेकणी करीन, आवतण देईन, पोळ्याच्या दिवशी त्याला चावी लावणार नाही. मागल्या पोळ्याला त्यानं ते पाळलं होतं. भिकाजी बुढ्यानं त्याला शब्द दिला होता की या पोळ्यालाही पाळशील तर पुढच्या सालापासून तुझी पाळी तुला परत. सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त माझ्या कानावर कोणी घातलं नाही.

"मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"तुह्यासमोर बोलाची हिंमत कोणाची होती?" दौलत म्हणाला.

मी बसून राहिले. आखरावर माझ्या तोंडातून निघालेलं एकेक वाक्य मला परत ऐकू येत होतं, आणि भिकाजी बुढ्याची नजरही आता कळली. मी यायच्या आतच नारायणला कळलं असणार. अनवाणी बाई आखराकडे येते म्हणजे काय, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. मी मागायच्या आधीच तो उठला होता. कासरा दुसऱ्याच्या हातात दिला होता आणि काही न बोलता घराकडे गेला होता.

थोड्या वेळानं तो चहा घेऊन आला. तीन कप, बोटांत धरून. मी कप घेतला.

"भाऊजी," मी म्हटलं. आम्ही कितीतरी दिवसांनी बोलत होतो. "काल सांजीले त्याले आवतण देलं होतं म्हणते."

"मथुरानं देलं," तो म्हणाला. मथुरा त्याची बायको.

"मंग आज काहून काढला?"

त्यानं चहाचा घोट घेतला. म्हणाला, "जेवाले बोलावलेल्या पाहुण्याले कामाले लावलं, एवढंच झालं, वैनी. राग आला असन त माह्यावर काढन. पोरीवर नाही काढत."

आतून दार उघडलं ते ऊन कलल्यावर. तान्ही बाहेर आली. तिचं लुगडं रक्तानं भरलेलं. मी उभी राहिले. तान्ही भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली की पोरगी झाली, निळी होती, रडली उशिरा, पण रडली. शेवंताचं रक्त खूप गेलं, बाटली लावली आहे. डॉक्टर म्हणतो, आणखी जरासा उशीर झाला असता तर दोघींतली एकही नाही.

दौलत तोंडावर हात घेऊन भिंतीकडे वळला. मी रडले नाही. मला रडता येत नाही चारचौघांत. नारायणनं विचारलं, "दोघीही हायत ना?" तान्ही म्हणाली, हायत. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि म्हणाला, मग मी निघतो. पोळा उभा असेल.

मी त्याच्यामागे पायरीपर्यंत गेले. तिथं, डॉक्टरांच्या, नर्सेसच्या, सगळ्या परक्या माणसांच्या समोर त्याला म्हटलं, "मखर तुमच्या बैलाले बांधा. मी सांगतलं म्हणून सांगा."

तो थांबला. हसला नाही, रागावलाही नाही.

"नाही, वैनी," तो म्हणाला. "चावी लावली मी आज. बैल असता त नसता जुपला. तुमचंच म्हणणं खरं झालं."

आणि तो गेला. चिखलानं माखलेला तो ट्रॅक्टर दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना मी पाहत राहिले. भर पंचायतीत मी जिंकले होते तेव्हा मला हसू आलं होतं. त्या दिवशी मी पुन्हा जिंकले, आणि फाटक मोकळं झालं तरी मी त्या पायरीवरच उभी होते.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. दिवे लागायची वेळ झाली तरी गाव आखरावर उभं होतं. कोणी जोडी काढली नव्हती. नारायण आला, त्यानं हातपाय धुतले, आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या मखराच्या वाती आपल्या हातानं पेटवल्या आणि त्याचा कासरा धरून त्याला तोरणाखालून काढलं. आपली जोडी मागं ठेवली. मथुरानं माझ्या दारात उभं राहून माझ्या बैलांचे पाय धुतले, कारण माझ्या घरी कोणी बाई नव्हती.

शेवंता दवाखान्यातून घरी आली ती गौरी-गणपतीच्या सुमारास. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मखर कपड्यात गुंडाळून दौलतच्या हाती नारायणकडे पाठवलं. पाळी त्याची आहे म्हणून सांगितलं. त्यानं ते परत पाठवलं. पंचांनी दिलेला मान पंचांनीच काढायचा असतो, असा निरोप. मी पंचांना बोलावलं आणि म्हटलं, माझा दावा मी सोडला. पंच नारायणकडे गेले. नारायण म्हणाला, मी माझा सोडला तो आधी. भिकाजी बुढा माझ्या ओसरीवर येऊन कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "आधी दोघं घ्यासाठी भांडत होता, आता द्यासाठी भांडता. गावानं करावं काय?"

मी म्हटलं, काय करायचं ते करा. माझ्या बैलावर ते चढणार नाही.

त्या वर्षी दोन्ही जोड्या एकमेकींच्या शेजारी उभ्या केल्या आणि मखराशिवायच तोरणाखालून काढल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. दर वर्षी खांदशेकणीच्या संध्याकाळी शेवंता मखर घेऊन नारायणकडे जाते, पोरीला बोटाशी धरून. मथुरा तिला चहा पाजते आणि मखर परत देते. पोरगी आता शेवंताच्या खांद्याला लागली, ती म्हणते, आजी, नेता कशाला, देत नाहीत ते. मी म्हणते, तू जा.

नारायण गेला मागच्या उन्हाळ्यात. मला वाटलं, आता त्याचा पोरगा घेईल, नव्या काळचा आहे. शेवंता गेली. पोरानं बापाच्या फोटोकडे पाहिलं आणि मखर परत दिलं.

आमच्या गावचा पोळा असाच फुटतो. बाहेरगावची माणसं येतात, दोन जोड्या एकदम निघताना पाहून विचारतात, या गावाला मानकरी नाही का? पोरं सांगतात, हायत ना, दोन हायत.